दारातली पुळण

निसर्ग चक्रीवादळ 3 जून 2020 च्या दुपारी अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं, पण त्याने दापोली-मंडणगडची जी दैना केली ती अजून भरून निघालेली नाही. हर्णै-मुरुडच्या पट्ट्यात कुठल्याही आगरात विचारा, पडलेल्या माडांचा आणि पोफळींचा हिशेब तोंडपाठ असतो. आमचेही बरेच माड गेले. त्यातला एक अगदी दारात, अंगण आणि पाखाडी, म्हणजे दगडी पायवाट, यांच्या मधल्या पट्टीत होता. तो मुळासकट उलटला आणि जाताना पडवीवरची कौलं घेऊन गेला.

खड्डा बुजवला, तरी ती पट्टी ओकीबोकीच दिसायची. सासूबाईंना तिथे पुन्हा माडच हवा होता. घराच्या इतक्या जवळ नको, असं मी म्हटल्यावर त्या फार ताणून बसल्या नाहीत. पडवीचं छप्पर नुकतंच नव्याने शाकारलेलं होतं, खर्चाचा आकडा त्यांनाही आठवत असणार. अशी साधारण बारा फूट लांब आणि सहा फूट रुंद जागा माझ्या वाट्याला आली. पुण्याहून आलेली पुतणी म्हणाली, “काकू, तिथे बीच गार्डन कर ना!” आणि तिने फोनवर फोटो दाखवायला सुरुवात केली.

फोटो सुरेख होते. पांढरी शुभ्र वाळू, निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे खांब, लॅव्हेंडर, निळसर गवताचे झुबके, गुलाबासारख्या पाकळ्यांचे मांसल पानांचे छोटे गड्डे. ते सगळं ज्या किनाऱ्यांवरचं आहे तिथे उन्हाळा कोरडा असतो आणि पाऊस बेताचा. दापोलीत वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. उरलेले आठ महिने आभाळातून थेंब नाही, वर एप्रिल-मेमध्ये खारं वारं सुटलं की आंब्याच्या कोवळ्या पालवीच्याही कडा करपतात. म्हणजे झाडाने जुलैमध्ये पाण्यात उभं राहायचं आणि मेमध्ये मिठाच्या वाऱ्यात. लॅव्हेंडर इथे श्रावण बघणार नाही. पांढरे गोटे आठवडाभर शोभतील आणि आषाढात त्यांच्यावर हिरवं शेवाळ चढेल. किनाऱ्याची बाग करायची तर किनाऱ्यावर आपसूक काय उगवतं ते बघावं आणि तेच घरी आणावं, एवढं धोरण मी ठरवलं. पुतणीला ते जरा नीरस वाटलं.

वाळूचा प्रश्न आधी निकाली काढावा लागला. इथे येणारा प्रत्येक पाहुणा म्हणतो, समुद्र हाकेच्या अंतरावर आहे, दोन पोती पुळण उचलून आणायला काय हरकत आहे? हरकत आहे. सागरी किनारा नियमन क्षेत्रात वाळू उपसायला मनाई आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी त्या वाळूत मीठ असतं. ती एक-दोन पावसाळे उघड्यावर धुऊन निघाल्याशिवाय बहुतेक झाडांची मुळं तिच्यात तग धरत नाहीत. आमचं नशीब असं की आगराची जमीन मुळातच पुळणीची. हातभर खणलं की भुसभुशीत करडी माती लागते, वरचा थर तेवढा शंभर वर्षं शेणखत आणि राख खाल्लेला. वरचा काळा थर काढून मी फणसाच्या बुंध्यात टाकला आणि खालची फिकट वाळवट माती वर घेतली. खत कमी झालं ते बरंच झालं, कारण पुळणीवरच्या झाडांना लाड केले की ती नुसती पाला माजवतात आणि फुलत नाहीत.

पडलेल्या माडाचं खोडच वाफ्याच्या कडेला आडवं ठेवावं, फोटोत तसं दिसतं, असंही घरात निघालं. ते मी लगेच हाणून पाडलं. कुजक्या माडात गेंडा भुंगा अंडी घालतो, त्याच्या जाड पांढऱ्या अळ्या आत वाढतात आणि मग तोच भुंगा वाचलेल्या माडांचे कोंब पोखरतो. वादळानंतर सगळीकडे कुजत पडलेल्या खोडांमुळे हीच भीती होती. आमची खोडं चिरून, फोडून जळणाला गेली. कडेला जांभ्याचे चिरे लावले आणि त्यांच्या आत फुटकी कौलं उभी खोचली.

कौलांबद्दल थोडं सांगते, कारण वाफ्यातली सगळ्यात आवडती वस्तू माझ्या मते तीच आहे. मंगळूरला बासेल मिशन या ख्रिस्ती संस्थेने 1865 मध्ये कौलांचा कारखाना काढला आणि पुढे तिथल्या इतर कारखान्यांचीही कौलं गलबतांतून पश्चिम किनाऱ्यावर सगळीकडे उतरली. आमच्या पडवीवरची काही कौलं त्या बाजूचीच होती. वरून काळी पडलेली, बुरशीचे करडे गोल डाग असलेली. पालथी करून घासली की आत नारिंगी-लाल आणि मधोमध उठावाची अक्षरं. छापाची बाजू बाहेर येईल अशी मी ती तिरकी लावली. पावसात भिजली की रंग उजळतो आणि अक्षरं वाचता येतात. कौलांचा बारीक चुरा वाफ्याच्या तळाशी गेला, पाण्याचा निचरा व्हायला.

वाफ्यात ठेवायला होडी बंदरावर मिळाली. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. त्याच्या थोडं आधी नौका वर ओढतात, झापांनी नाहीतर ताडपत्रीने झाकतात आणि डागडुजी काढतात. भंगार बाहेर पडतं ते याच दिवसांत. आता बहुतेक होड्या फायबरच्या. लाकडी होडी मोडली की तिच्या फळ्या चुलीत जातात. ओळखीच्या एका तांडेल काकांची छोटी होडी कुडाच्या आडोशाला पडून होती, पाठीमागचा अर्धा भाग आधीच फोडून नेलेला. नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, तेवढी शाबूत होती.

“काका, ही नाळ मला द्याल का?”

“काय करताय वहिनी तिचं?”

“झाडं लावणार आहे.”

“होडीत?” ते हसले आणि घराकडे तोंड करून ओरडले, “अगो, आयकलंस का? होडीत झाडं लावतायत.”

काकूंचा मुद्दा रोकडा होता: पावसाळ्याचं जळण त्या होडीतून निघणार होतं, मग ते कुठून आणायचं? आमच्याकडे नारळाची सोडणं ढिगाने पडलेली. टेम्पोभर सोडणं तिकडे आणि नाळ इकडे, असा सौदा ठरला. उचलायच्या आधी काकूंनी नाळेवर तांब्याभर पाणी ओतलं, हळदकुंकू वाहिलं आणि मग म्हणाल्या, “न्या आता.”

घरी आणल्यावर कापलेल्या बाजूने ते लाकूड बघत मी बराच वेळ बसले होते. फळीला फळी भिडते तिथे कापूस ठासून भरलेला, त्यावर राळ आणि तेलाचा लेप, इतका कडक की सुरीचं टोकही आत जाईना. खिळ्यांभोवती लाकूड गंजाने काळंनिळं पडलेलं. पाण्याखाली राहणाऱ्या भागात करंगळीएवढी भोकं होती आणि प्रत्येक भोकाला आतून पांढरं, चुन्यासारखं गुळगुळीत अस्तर. हे लाकूड पोखरणाऱ्या समुद्री किड्याचं काम. दिसायला तो अळीसारखा, पण जातकुळी शिंपल्यांची, म्हणून पोखरत जाताना बिळाला कवचाचं अस्तर लावत जातो. ती बाजू मी मुद्दाम पाखाडीकडे ठेवली आहे. येणारी-जाणारी मुलं भोकांत बोटं घालून बघतात.

साफसफाईत दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. इकडे होड्यांना काजूच्या टरफलाचं तेल चोपडायची पद्धत आहे. वाळलं तरी जुना थर खरवडताना अंगाला लागला तर बिब्बा उततो तसे फोड येतात, तेव्हा हातमोजे आणि पूर्ण बाह्या हव्यातच. दुसरं रंगाचं. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाची मर्यादा आपल्याकडे नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली. त्याआधीच्या थरांत काय असेल याची खात्री कोण देणार? म्हणून कोरडं न घासता ओलं करून सुटे पापुद्रे तेवढे काढले, ते कागदात गुंडाळून वेगळे टाकले आणि या वाफ्यात खाण्याचं काही लावायचं नाही असं ठरवलं. सासूबाईंना गवती चहा हवा होता. तो मागच्या दारी गेला. बाहेर आलेले खिळे ठोकून आत घेतले आणि वरून जवसाच्या तेलाचे हात दिले. मोटारीचं जळकं ऑइल लावा म्हणजे वाळवी येत नाही, असं सांगणारे गावात पुष्कळ भेटले. ते ऑइल पहिल्या पावसात मातीत उतरतं, म्हणून नकोच. त्याऐवजी नाळेखाली चिऱ्यांचा ओटा केला आणि लाकूड जमिनीवर टेकूच दिलं नाही. तरी पाच-सात वर्षांत ती मोडेल. मोडू दे.

नाळेचं तोंड कुणीकडे करायचं यावर घरात दोन मतं होती. नवऱ्याचं म्हणणं, रस्त्यावरून नीट दिसेल असं. सासूबाईंचं म्हणणं, समुद्राकडे. समुद्राकडेच झालं.

जाळ्याचं मात्र मी कोणाचंच ऐकलं नाही. बागेवर जुनं जाळं अंथरलं की फोटोत छान दिसतं, पण अशा जाळ्यात धामण अडकते आणि सुटायची धडपड करता करता नायलॉनचा दोरा खवल्यांत रुततो. आमच्या आगरात धामणी आहेत आणि त्या असाव्यातच, उंदीर त्याच आवरतात. जाळ्याचा तुकडा मी एका खांबाला घट्ट गुंडाळून वरून काथ्याच्या दोराने आवळला, बोटही आत जाणार नाही इतका. नायलॉनचे दोर उन्हात ठिसूळ होतात आणि त्यांचे हिरवे-निळे तंतू मातीत मिसळत राहतात, म्हणून बाकी बांधाबांध काथ्याचीच. काथ्या दोनेक पावसाळ्यांत सडतो, मग नवा बांधायचा. जाळ्याच्या तरंगत्या बोयांपैकी ज्या फुटलेल्या होत्या त्यांना खालून भोक पाडलं, नाहीतर त्यांच्यात पाणी साचून डासांची पैदास होते.

जुलैच्या उधाणानंतर किनाऱ्यावर एवढ्या वस्तू येऊन पडतात की निवड करणंच अवघड. नद्यांनी घाटातून वाहून आणलेले ओंडके, समुद्रफेनाच्या पांढऱ्या हलक्या ढलप्या, चपला, बाटल्या, आणि सगळ्यांना चिकटलेले डांबराचे गोळे. ओंडक्यांवर आधी चुलीवाल्यांचा हक्क, म्हणून मी वेडीवाकडी, फोडायला नकोशी मुळं तेवढी उचलली आणि पावसात उघड्यावर ठेवली. मीठ आपोआप धुऊन गेलं. गारंबीच्या बियाही सापडल्या. तांबूस-काळ्या, चपट्या, तळहातात मावणाऱ्या आणि इतक्या गुळगुळीत की पॉलिश केल्यासारख्या. ही सह्याद्रीतल्या महावेलीची बी. शेंग हाताएवढी लांब असते, तिचे कप्पे सुटतात, ओढ्यातून खाडीत, खाडीतून समुद्रात जातात आणि लाटा त्या पुन्हा आणून टाकतात. त्या मी कौलांच्या खाचांत ठेवल्या होत्या. शेजारच्या पोरांनी एकेक करत पळवल्या. या पावसाळ्यात पुन्हा मिळतील.

शिंपले मात्र किनाऱ्यावरून आणले नाहीत. रिकाम्या शंखात शंखखेकडा घर करतो. आपण टोपलीभर शंख उचलले की त्याला बाटलीच्या झाकणात डोकं घालावं लागतं, आणि हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. आमच्याच घरात तिसऱ्या आणि कालवं इतकी खाल्ली जातात की शिंपल्यांना तोटा नाही. शिवाय ओळखीच्या खानावळीतूनही पाटी भरून मिळाली. धुऊन, गरम पाण्यातून काढून, गच्चीवर कडक उन्हात वाळवायचे. वास जाईपर्यंत मांजरी आणि कावळे पहारा देतात. शिंपला म्हणजे चुनाच, तो हळूहळू विरघळतो आणि मातीचा आंबटपणा कमी करतो. पिटकुळीला, म्हणजे इक्झोराला, आंबट माती लागते, तिच्या बुंध्याशी शिंपले टाकले की पानं पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. म्हणून शिंपले सगळे समुद्राच्या बाजूला आणि पिटकुळी अंगणाच्या बाजूला, मध्ये नाळ.

एकदा एका खलाशाने जाळ्यात आलेला समुद्रपंखा आणून दिला. जांभळट, बारीक जाळीदार, हातभर उंच. खरं सांगते, हातात घेतल्यावर सोडवेना. पण समुद्रपंखा आणि पोवळी वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या बरोबरीला. मेलेलाही बाळगता येत नाही. तो पुन्हा पाण्यात सोडायला लावला. त्या खलाशाला माझं डोकं फिरलंय असंच वाटलं असणार.

आता झाडं. मर्यादवेल सगळ्यात आधी, कारण तिच्यावाचून पुळण पुळण वाटतच नाही. पान आपट्यासारखं दोन भागांत दुमडलेलं, पण जाड आणि मेणचट. जांभळट-गुलाबी फुलं सकाळी उघडतात, दुपारपर्यंत मिटतात. ही वेल किनाऱ्याची वाळू धरून ठेवते, तिथून उपटून आणणं म्हणजे पुळणीचा बांध फोडण्यासारखं. पाखाडी किनाऱ्याला उतरते तिथे ती वाटेवर येते आणि लोकांच्या पायाखाली चिरडते, तेवढेच शेंडे मी कापले. दोन-तीन पेरं वाळूत आडवी दाबली, पेराला पेर मुळं फुटली. तिला खत नको, पाणी नको. हवी असते कात्री. मोकळी सोडली तर एका हंगामात अंगण ओलांडून तुळशीवृंदावनापर्यंत येते.

नाळेच्या आत नागदवणा लावला. पांढरी, लांब बोटांच्या पाकळ्यांची फुलं संध्याकाळी वास सोडतात आणि खाऱ्या वाऱ्याचं त्याला सोयरसुतक नाही. कांदा विषारी आहे, गुरांनी तोंड लावू नये म्हणून तो उंचावर बरा. पुढच्या बाजूला सदाफुली आणि चिनी गुलाब. सदाफुली तर किनाऱ्यावरच्या नुसत्या वाळूतही फुललेली दिसते. चिनी गुलाब पावसाच्या झडीत सडतो हे गृहीत धरून त्याचे दोन-चार फाटे पडवीत तुटक्या पाटीत ठेवते आणि गणपती गेले की पुन्हा लावते. टेकडीवरच्या उंच गवतासारखं काहीतरी हलतं हवं होतं, तिथे वाळा. मुळं खोल जातात, पाखाडीच्या बाजूची माती पावसात धुपत होती तीही थांबली.

केवडा लावायची माझी फार इच्छा होती. किनाऱ्याचं खरं झाड ते. सासूबाई म्हणाल्या, “केवड्यात नाग येतो. दारात तर मुळीच नको.” नाग येवो न येवो, त्या पानांच्या काट्यांनी पाखाडीवरच्या माणसांचे हात फाटले असते आणि दहा वर्षांत त्याने वाफा, नाळ आणि अंगण सगळं गिळलं असतं. तो ओढ्याच्या कडेला गेला. सुरूही नाही लावला, पण त्याचा झडलेला बारीक पाचोळा चिऱ्यांच्या फटीत पसरला. त्याच्या थरातून तण सहसा वर येत नाही.

पुतणीने दिवाळीत दिव्यांच्या माळा आणल्या होत्या, होडीला लावायला. हौसेवर पाणी टाकायला वाईट वाटतं, पण आमचा वाफा समुद्राकडून उघडा आहे आणि दिवाळी सरली की या किनाऱ्यांवर कासवं अंडी घालायला येतात. वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने 2002 पासून कासवं राखायचं जे काम उभं केलं ते बघून आमच्या बाजूच्या गावांतही आता घरटी राखली जातात. पिल्लं बाहेर पडली की जिकडे उजेड तिकडे सरकतात. माळा तुळशीला लावल्या, घराच्या आतल्या बाजूला, आणि त्याही तुळशीच्या लग्नापर्यंतच.

वाफा आता ओळखीचा झाला आहे, आणि त्याचा एक ताप म्हणजे लोक न विचारता वस्तू आणून ठेवतात. सुकाण्याचं मोडकं फळकूट आलं ते ठेवलं, तळ गेलेला कंदील आला तोही ठेवला. परवा कुणीतरी थर्माकोलची फुटकी मासळीपेटी खांबाला टेकवून गेलं, शेजारी मोगऱ्याचं रोप ठेवून. थर्माकोलचे मणी वाऱ्याने आगरभर होतात, तेव्हा पेटी बांधून कचऱ्याच्या गाडीत दिली. मोगरा ठेवून घेतला आहे, पण पुळणीत नाही, विहिरीजवळ. मर्यादवेल छाटायला आली आहे. शेंडे फेकून देत नाही. कुणाला हवे असतील त्यांनी मेच्या शेवटी, पहिल्या सरीच्या आधी यावं आणि येताना पिशवी आणावी.